सुधारित खर्च, परत मागवलेल्या वस्तू आणि काटकसरीची आश्वासने : या बातम्या वाचाव्यात तरी कशा?

शंकेखोर :

गेले काही महिने मी वर्तमानपत्रांतील तीन प्रकारच्या बातम्या जाणीवपूर्वक शेजारी ठेवून वाचतो आहे. पहिल्या प्रकारात एखाद्या सार्वजनिक बांधकामाच्या खर्चाला सुधारित मान्यता मिळालेली असते, आणि सुधारणा म्हणजे वाढ हे वाचकाने एव्हाना गृहीत धरलेले असते. दुसऱ्या प्रकारात एखादी कंपनी आपले उत्पादन 'केवळ खबरदारी म्हणून' बाजारातून परत मागवते. ही खबरदारी नेमकी कितव्या तक्रारीनंतर सुचली, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असते किंवा नसतेच. तिसऱ्या प्रकारात एखादा नेता उधळपट्टी थांबवण्याचे आणि जाचक नियम रद्द करण्याचे आश्वासन देतो, आणि पुष्कळदा ते पहिल्या प्रकारच्या बांधकामाच्या उद्घाटनप्रसंगी दिलेले असते.

मासला म्हणून एक जुने प्रकरण देतो. स्कॉटलंडच्या संसदभवनासाठी १९९७ च्या श्वेतपत्रिकेत १ ते ४ कोटी पौंड खर्च अपेक्षिला होता. २००४ मध्ये इमारत तीन वर्षे उशिरा तयार झाली, तेव्हा खर्च ४१ कोटी ४० लाख पौंडांच्या घरात गेला होता. अंदाजातच चौपट फरकाची सोय करून ठेवलेली असताना प्रत्यक्ष आकडा वरच्या टोकाच्याही दहापट निघावा, यास एक प्रकारचे सातत्य लागते. लॉर्ड फ्रेझर यांनी रीतसर चौकशी केली आणि या कथेत कोणी एकच खलनायक नाही, असा निर्वाळा दिला. खलनायक अनेक असले की कोणालाच शिक्षा करता येत नाही, ही सोय मला त्या दिवशी प्रथम नीट उमगली.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. अंदाज प्रामाणिकपणे चुकत असतील, तर ते कधी वर आणि कधी खाली चुकायला हवेत. ते नेहमी एकाच बाजूला कसे चुकतात? सदोष वस्तू परत मागवण्यास इतका उशीर का होतो? आणि उधळपट्टी शोधायला निघालेल्यांच्या हाती खरी उधळपट्टी लागते का? या तिन्ही बातम्यांचा परस्परांशी काही संबंध असावा असा मला संशय आहे, परंतु तो मला नेमका मांडता येत नाही.

पायाभूत :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीने बऱ्यापैकी देऊन ठेवले आहे. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्ल्यूब्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचे हिशेब तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहांपैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा अधिक झाला होता. रेल्वेच्या कामांत ही वाढ सरासरी ४५ टक्के, पूल आणि बोगद्यांत ३४ टक्के, तर रस्त्यांत २० टक्के होती. याहून बोलकी बाब अशी की, ज्या सुमारे सत्तर वर्षांतील ही कामे होती, त्या काळात अंदाजांच्या अचूकपणात काहीच सुधारणा दिसली नाही. पोलाद सुधारले, यंत्रे सुधारली, संगणक आले, आणि अंदाज मात्र आजोबांच्या काळी होता तितकाच भाबडा राहिला. इतका टिकाऊ भाबडेपणा नैसर्गिक नसतो, असेच त्या अभ्यासकांचेही मत पडले.

सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर विली ब्राऊन यांनी २०१३ मध्ये, तेथील नव्या वाहतूक स्थानकाच्या वाढत्या खर्चाविषयी लिहिताना, हे गुपित अगदी मोकळेपणाने सांगून टाकले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, सार्वजनिक कामाचा पहिला आकडा हा केवळ विसार असतो. खरी किंमत सुरुवातीलाच कळली तर कोणतेही काम मंजूरच होणार नाही. म्हणून आधी खड्डा खणावा आणि तो इतका मोठा करावा की त्यात पैसे ओतण्यावाचून दुसरा मार्ग उरू नये. पद सोडल्यानंतर माणसे किती स्पष्ट लिहितात, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची कथा याच मार्गाने गेली. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि १९६३ पर्यंत काम संपायचे होते. प्रत्यक्षात १० कोटी २० लाख लागले आणि १९७३ उजाडले. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जो केहिल यांनी मार्च १९५९ मध्ये, त्याच महिन्यातील निवडणुकीच्या तोंडावर, काम सुरू करवले. त्या वेळी छताची ती प्रसिद्ध शिंपल्यांसारखी कवचे उभी कशी राहणार, याचे गणितही सुटलेले नव्हते. गणित सुटल्यावर कळले की आधी उभारलेले खांब हा भार पेलणार नाहीत, आणि ते पुन्हा बांधावे लागले. वास्तुरचनाकार योर्न उट्झॉन १९६६ मध्ये राजीनामा देऊन निघून गेले. खर्चाचा मोठा भाग लॉटरीतून उभा राहिला, त्यामुळे निदान पैसे देणाऱ्यांना आपण जुगार खेळतो आहोत याची पूर्वकल्पना होती. अडचण एवढीच आहे की ती इमारत अप्रतिम झाली. तेव्हापासून जगातील प्रत्येक फसलेल्या प्रकल्पाचा पुरस्कर्ता सिडनीकडे बोट दाखवतो, जणू खर्च पंधरापट झाला की सौंदर्य आपोआप येते.

बर्लिनच्या नव्या विमानतळाला तोही दिलासा नाही. जून २०१२ मधील उद्घाटनाची निमंत्रणे गेली होती, आणि चार आठवडेही उरले नसताना ते रद्द झाले, कारण अग्निशमन आणि धूर बाहेर काढण्याची यंत्रणा चालत नव्हती. तत्पूर्वी एक पर्याय असाही सुचवला गेला होता की, यंत्रणा पूर्ण होईपर्यंत काही शे माणसे नेमून त्यांच्या हाती दूरध्वनी द्यावेत आणि आग दिसल्यास त्यांनी कळवावे व दारे उघडावीत. विमानतळ अखेर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला, म्हणजे महासाथीमुळे प्रवासी जवळजवळ नाहीसे झालेले असताना.

उडता वाचक :

एवढी चर्चा हवी कशाला? अमेरिकेतील फोर्ड पिंटो या मोटारीचे टिपण एकदा वाचले की सर्व उलगडते. मागून धडक बसली की इंधनाची टाकी पेटत असे. ती दुरुस्त करण्यास गाडीमागे ११ डॉलर लागणार होते आणि मेलेल्या माणसांची भरपाई त्याहून स्वस्त पडत होती, म्हणून कंपनीने माणसे मरू दिली. भांडवलदार असेच वागतात आणि सरकार त्यांच्याच खिशात असते.

नटबोल्ट :

'उडता वाचक' यांनी दिलेली कथा जगभर याच रूपात सांगितली जाते, परंतु मूळ टिपण थोडे निराळे आणि माझ्या मते अधिक अस्वस्थ करणारे आहे. ते केवळ पिंटोविषयी नव्हते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व कंपन्यांच्या मिळून सुमारे सव्वा कोटी गाड्यांविषयी होते. त्यात मागून बसणाऱ्या धडकेचा नव्हे, तर गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा हिशेब होता. आणि ते गुप्तही नव्हते. नियोजित नियमाला हरकत म्हणून ते वाहतूक सुरक्षा खात्याकडे सादर करण्यासाठी तयार केलेले होते. एका बाजूला १३ कोटी ७० लाख डॉलरचा दुरुस्तीखर्च आणि दुसऱ्या बाजूला १८० मृत्यू, तितकेच भाजलेले लोक आणि जळालेल्या गाड्या मिळून ४ कोटी ९५ लाखांचे नुकसान, असा तो ताळेबंद होता. मृत्यूमागे धरलेली सुमारे दोन लाख डॉलरची किंमत कंपनीने मनाने ठरवलेली नव्हती. ती त्या खात्याच्याच गणितातून घेतलेली होती. म्हणजे माणसाचा भाव सरकारने काढला आणि कंपनीने तो वापरला. पिंटोची टाकी धोकादायक होती यात वाद नाही. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत मागवाव्याच लागल्या. परंतु एका दुष्ट कागदावर सारे खापर फोडले की, असे कागद सभ्य माणसे रोज कायदेशीरपणे तयार करतात, ही गोष्ट नजरेआड होते.

उशीर का होतो, या आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मला जनरल मोटर्सचे प्रकरण अधिक उपयोगी वाटते. तेथे कोणी मृत्यूंचा भाव काढत बसले नव्हते. काही छोट्या गाड्यांमधील चावीचा स्विच इतका सैल होता की किल्ल्यांच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो फिरून गाडी धावता धावता बंद पडे, आणि गाडी बंद पडली की अपघातसमयी एअरबॅग उघडत नसत. कंपनीत याची चर्चा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच झाली होती. सुधारित सुटा भाग एका डॉलरच्या आत बसत होता, असे पुढे संसदीय सुनावणीत निघाले. तरीही कंपनीच्या दप्तरी गाडी धावताना बंद पडणे ही 'ग्राहकाची गैरसोय' अशी नोंदली गेली, कारण एअरबॅगशी असलेला तिचा संबंध निराळ्या विभागाच्या कक्षेत येत होता.

२००६ च्या सुमारास स्विच गुपचूप बदलला गेला, परंतु सुट्या भागाचा क्रमांक बदललाच नाही. यंत्रांच्या कामाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या वाक्याचा अर्थ कळेल. भाग बदलून क्रमांक तोच ठेवणे म्हणजे पुढील तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे आहे. जुन्या आणि नव्या गाड्यांतील अपघातांच्या प्रमाणात फरक का पडतो, हे शोधणाऱ्यांना कागदोपत्री दोन्ही गाड्यांत एकच स्विच दिसत राहिला. परत मागवण्याची घोषणा २०१४ मध्ये झाली, आणि भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले.

त्यानंतरच्या अंतर्गत चौकशी अहवालात दोन हावभावांचे वर्णन आहे. बैठकीत सर्वांनी माना डोलावून एखादी उपाययोजना मान्य करायची आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीही काही करायचे नाही, हा पहिला. दोन्ही हातांची घडी घालून बोटे डावी-उजवीकडे दाखवायची, म्हणजे जबाबदारी शेजाऱ्याची, हा दुसरा. या दोन्ही हावभावांना त्या कंपनीत कंपनीच्याच नावाने ओळखले जात होते. तिच्याच २००८ च्या एका प्रशिक्षणवर्गात अभियंत्यांना अहवालात कोणते शब्द वापरू नयेत याची यादी दिली होती आणि तीत 'दोष' हाही शब्द होता. आपण उल्लेखिलेली 'केवळ खबरदारी म्हणून' ही भाषा कोठून येते, हे यावरून कळावे.

जमाखर्च :

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की, उधळपट्टीच्या शिकारीत बहुधा ससे सापडतात. अमेरिकन सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ पासून १९८८ पर्यंत दरमहा एका सरकारी उधळपट्टीला 'सोनेरी लोकर' नावाचा उपरोधिक पुरस्कार दिला. पहिला मान माणसे प्रेमात का पडतात यावरील ८४ हजार डॉलरच्या संशोधनाला मिळाला. काही पुरस्कार योग्य जागी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु माकडांच्या आक्रमकतेवर काम करणाऱ्या एका संशोधकाने सिनेटरांवरच खटला भरला, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सभागृहातील भाषणाला असलेले संरक्षण प्रसिद्धिपत्रकांना मिळत नाही. प्रकरण तडजोडीने मिटले आणि सिनेटरांना १० हजार डॉलर द्यावे लागले. त्यांच्या कायदेशीर बचावाचा त्याहून कितीतरी मोठा खर्च मात्र सिनेटने, म्हणजे करदात्यांनी, उचलला होता.

मोठी रक्कम जाते तेथे हसण्यासारखे काहीच नसते. अलास्कामधील ग्रॅव्हिना बेटावर जेमतेम ५० माणसे आणि एक विमानतळ होता; त्यासाठी सुमारे ४० कोटी डॉलरचा पूल आखला गेला, तो २००५ मध्ये 'कोठेही न जाणारा पूल' म्हणून गाजला आणि शेवटी बारगळला. ही काटकसरीची कथा म्हणून सांगितली जाते. बेटावर त्या पुलापर्यंत नेणारा रस्ता मात्र निधी हाती असल्यामुळे बांधून झाला, हे सहसा कोणी सांगत नाही.

शंकेखोर :

सर्वांचे आभार. 'नटबोल्ट' यांनी दिलेली दुरुस्ती मला विशेष महत्त्वाची वाटते. परंतु आश्वासनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे नियम रद्द करण्याविषयी, अद्याप कोणी लिहिलेले नाही. नियम खरोखरच जाचक असतात, हेही नाकारता येत नाही. साध्या परवानगीसाठी वर्ष घालवावे लागलेल्या माणसाला त्यांचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल.

पायाभूत :

तेथे आपल्या तिन्ही बातम्या एकाच इमारतीत भेटतात. ती इमारत म्हणजे लंडनमधील ग्रेनफेल टॉवर.

दक्षिण लंडनमधील लॅकनल हाउस या इमारतीला जुलै २००९ मध्ये आग लागून सहा जण मरण पावले. तेथील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०१३ मध्ये सरकारला लिहून कळवले की, अग्निसुरक्षेविषयीचे मार्गदर्शक नियम संदिग्ध आहेत आणि ते स्पष्ट करावेत. त्याच काळात सरकारचे धोरण असे होते की, उद्योगांवर भार टाकणारा एक नवा नियम आणायचा तर एक जुना रद्द करायचा. २०१३ मध्ये हे प्रमाण एकास दोन झाले आणि २०१६ मध्ये एकास तीन. कोणता नियम कशासाठी आहे, हा प्रश्न या गणितात बसत नाही. नियम किलोवर मोजले जातात. मार्गदर्शक नियम स्पष्ट करण्याचे काम २०१७ पर्यंत झाले नाही.

दरम्यान ग्रेनफेल या नगरपालिकेच्या मालकीच्या निवासी इमारतीचे नूतनीकरण निघाले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी बाहेरील आवरणाचे ठरलेले जस्ताचे पत्रे बदलून अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन भरलेली पटले निवडण्यात आली, आणि त्यातून सुमारे २ लाख ९३ हजार पौंड वाचले. पॉलिइथिलीन जळते. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत ७२ माणसे मरण पावली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी आयोगाच्या अंतिम अहवालाने आवरण आणि उष्णतारोधक साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांबाबत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केल्याचे नमूद केले, आणि नियम कमी करण्याच्या ध्यासामुळे संबंधित खात्यात जीविताच्या सुरक्षेशी निगडित बाबीही दुर्लक्षित, लांबणीवर टाकलेल्या किंवा डावललेल्या राहिल्या, असेही म्हटले. त्याच वर्षी तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने देशभरातील इमारतींची धोकादायक आवरणे बदलण्याचा खर्च सुमारे १,६६० कोटी पौंड धरला. हादेखील अंदाजच आहे, आणि अंदाजांविषयी मी वर लिहिलेले आहे.

आपल्याला संबंध मांडता येत नव्हता म्हणून सांगतो : वाचलेले २ लाख ९३ हजार पौंड त्या वर्षीच्या हिशेबात, नाव असलेल्या एका रकान्यात दिसत होते. १,६६० कोटी तेव्हा कोणत्याच रकान्यात नव्हते, आणि ते ज्यांच्या खात्यावर पडले ते त्या बैठकीला हजर नव्हते.

मात्रा :

नियमांविषयी औषधांच्या बाजूने थोडी भर घालतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात आणण्यासाठी ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. चव आणि वास तपासला. विषारीपणा तपासला नाही, कारण तो तपासण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. कायद्यानुसार कंपनीचा गुन्हा एवढाच ठरला की बाटलीवरील नाव आतील द्रावणाला साजेसे नव्हते. पुढील वर्षी कायदा बदलला. मात्र ज्या देशांत पुरेशी तपासणी होत नव्हती तेथे हाच पदार्थ पुन्हा पुन्हा परतत राहिला : १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९६ मध्ये हैतीत, २००६ मध्ये पनामात आणि २०२२ मध्ये गांबियात. गांबियातील सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंशी ज्या खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला, ती भारतात बनलेली होती. १९३७ मध्येच निदान झालेली चूक आहे ही, आणि ती पकडणारी चाचणी महागही नाही.

१९३७ च्या त्या प्रकरणात शिकागो विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून प्राण्यांवरील चाचण्यांना हातभार लावणाऱ्या फ्रान्सिस केल्सी १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. त्यांच्याकडे प्रथमच जे अर्ज आले त्यांत थॅलिडोमाइड या झोपेच्या आणि मळमळीवरील औषधाचा होता. युरोपात ते सर्रास विकले जात होते. त्यांनी पुरावा अपुरा म्हणून तो अर्ज परत पाठवला, पुन्हा आला तेव्हा पुन्हा पाठवला, आणि कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या तरी सही केली नाही. त्या महिन्यांत एखाद्या वार्ताहराने बातमी दिली असती, तर ती सरकारी दिरंगाईचीच झाली असती. १९६१ च्या अखेरीस, गरोदरपणी हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या युरोपातील अपंग अर्भकांची माहिती बाहेर आली आणि १९६२ मध्ये केल्सींना राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते सन्मानपदक मिळाले. न झालेल्या अनर्थाबद्दल पदक मिळालेले मला आठवणारे हे जवळजवळ एकमेव उदाहरण आहे, आणि तेसुद्धा तो अनर्थ इतरत्र घडल्यामुळेच मिळाले.

नटबोल्ट :

'मात्रा' यांनी नियामकांची बाजू मांडली. ती योग्यच आहे, परंतु नियामकाचे हात बांधलेले असतात हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कायद्याच्या एका कलमामुळे, एखाद्या वस्तूचे नाव घेऊन धोका जाहीर करण्याआधी, उत्पादकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे आयोगाकडे मृत्यूंच्या नोंदी असूनही लोकांना फार तर 'काही उत्पादनांपासून सावध राहा' एवढेच कळू शकते.

फिशर-प्राइस कंपनीच्या 'रॉक एन प्ले' या तान्ह्या बाळांसाठीच्या तिरक्या झोळीचे असेच झाले. आयोगाने ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला माहिती पाठवताना नावे झाकायची राहून गेली, आणि त्यामुळे त्या संस्थेला निरनिराळे मृत्यू एकाच वस्तूशी जोडता आले. एप्रिल २०१९ मध्ये प्रथम दहा मृत्यूंचा उल्लेख असलेला इशारा आला. काही दिवसांत संस्थेने तीसहून अधिक मृत्यू दाखवून दिल्यावर सुमारे ४७ लाख झोळ्या परत मागवण्यात आल्या. म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली असती, तर ती माहिती आणखी काही काळ सुरक्षित राहिली असती.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच वस्तूसाठी परत मागवण्याची घोषणा दुसऱ्यांदा करावी लागली, कारण पहिल्या घोषणेनंतरही किमान आठ बालके त्या झोळ्यांत दगावली होती. परत मागवलेली वस्तू दुकानातून नाहीशी होते. घराच्या माळ्यावरून आणि नातलगांकडून नातलगांकडे होणाऱ्या देवाणघेवाणीतून होत नाही. तेव्हा लहान मुलांची वापरलेली वस्तू कोणाकडून घेतली असेल, तर तिच्या खालच्या बाजूला छापलेला नमुना क्रमांक शोधून तो परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीशी ताडून पाहावा.